दुसऱ्या माडीवरचा सडा

आमच्या बिल्डिंगला रीतसर नाव होतं. मालक सेठनं आपल्या आईचं नाव दगडात कोरून दाराच्या कमानीवर बसवलं होतं, पण ते नाव मी कोणाच्याही तोंडून कधी ऐकलं नाही. टांगेवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला नुसतं 'बिल्डिंग' म्हणत. कारंजा गावात हवेल्या होत्या, मोठमोठी घरं होती, पण एकमेकांशी काही नातं नसलेली सहा बिऱ्हाडं एकावर एक रचून ठेवलेलं घर तेवढं एकच होतं. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरचे लोक समोर उभे राहून मान वर करून मजले मोजत. तीनच होते, तरी काहीजण पुन्हा मोजत.

माझं माहेर आसेगावचं, सासर कामरगावचं. सासरी दोन खोल्या आणि नऊ माणसं. नवरा कारंज्याच्या कापसाच्या जिनात नोकरीला, खानावळीत जेवायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. तो आला की त्याच्याभोवती त्याची आई, भाऊ, भावजया आणि पोरं. लग्नाला वर्ष झालं तरी त्याच्याशी सलग दहा वाक्यं बोलायला मला जागा मिळाली नव्हती. म्हणून त्याला बिल्डिंगमध्ये खोली मिळाल्याचं कळलं तेव्हा मी चुलीपाशी बसल्या बसल्या रडले, आणि धुराचं निमित्त सांगितलं. ती खोली मला हवी होती. आयुष्यात पुढे बरंच काही मिळालं, पण इतकं जीव टाकून मी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण निघताना बैलांच्या दमणीत बसलेल्या माझ्याकडे बोट करून सांगितलं, "अंगण नाई म्हन्ता, ठीक हाये. पण ज्या घरापुढं सडा नाई, ते घर नाई. दिवाळीले मी येईन अन् डोळ्यानं पाहीन. दार कोरडं दिसलं तं तुले घेऊन परत येईन. तो राहील मंग खानावळीत."

मी म्हटलं, "हो आत्याबाई." सडा घालणं ही काय मोठी गोष्ट होती? आसेगावात मी सातव्या वर्षापासून सडा घालत होते.

बिल्डिंगशी पहिलं भांडण जिन्यावरच झालं. मी शिडी चढले होते, चिंचेवर चढले होते, पण दोन्ही हातांनी धरायला काही नसलेला जिना कधी चढले नव्हते. पहिल्या माडीपर्यंत काळ्या दगडाच्या पायऱ्या होत्या, तिथून वर सागवानी. लाकडी पायरी वाजली की मला वाटे, मोडली. पदर दातात धरून आणि एक हात भिंतीला लावून मी वर पोचले, तर दार उघडल्यावर आमची खोली, आणि मागे वळून पाहिलं तर जमीन कुठेच नाही. गॅलरीच्या कठड्यापलीकडे नुसती हवा आणि समोरच्या दुकानाचे पत्रे.

आपल्या पायाखाली दुसऱ्याचं बिऱ्हाड आहे, ही गोष्ट माझ्या पचनी पडेना. दोन दिवस मी चवड्यांवर चालले. शेवटी नवऱ्यानं विचारलं, "मांजरीवानी काहून चालून राह्यली?"

"खाली लोकं हाये ना."

"हायेत. अन् त्यायच्या खाली दुकानं हायेत. दुकानाच्या खाली पाताळ हाये. चाल आता सरळ."

तो हसला, आणि मीही हसले. हे बोलणं आम्ही भरदुपारी आणि मोठ्या आवाजात केलं, आणि कोणी मध्ये आलं नाही. मला बिल्डिंग आवडली.

तिची हकिकत मला नंतर आमच्या खालच्या बिऱ्हाडातून कळली. पहिल्या माडीवर, बरोबर आमच्या खाली, ज्यानं ती बांधली तो मिस्तरीच राहत होता. साठीचा मुसलमान गृहस्थ, मेंदीनं लाल केलेली दाढी, आणि बोलणं असं की भिंतीलाही ऐकू जावं. त्याला सगळे चाचा म्हणत आणि त्याच्या बायकोला चाची. सेठ म्हणे कापसाच्या कामाला मुंबईला गेला, तिथल्या चाळी पाहून आला आणि येताना कागदावर नकाशा घेऊन आला. ओतीव लोखंडाचे खांब रेल्वेनं आले. मंगलोरी कौलं आली. खालच्या मजल्यावर दुकानं आणि सेठची पेढी, वर दोन माड्या, दर माडीला तीन बिऱ्हाडं, आणि समोरून लांबच लांब लाकडी गॅलरी. गॅलरीच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी सोडायच्या, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही, असं नकाशात होतं. चाचांचं म्हणणं, फळ्यांवर चुन्याचा कोबा करावा. चुना बैलाच्या घाण्यात महिनाभर मळून तयारही ठेवला होता. सेठ म्हणाला, मुंबईत असंच असतं. चाचा म्हणाले, मुंबईत बायका सडा घालत नसतील. पण सेठनं ऐकलं नाही.

मग चाचांनी तो सगळा चुना आणि सगळा राग जिन्यावर काढला. जिन्याची कमान त्यांनी अशी काही घडवली की तिच्यासाठी म्हणून लोक थांबावेत. उंबरठा एकसंध काळ्या दगडाचा. आणि जिन्याच्या वळणावर उजेडासाठी दगडी जाळी कोरली, आठ टोकांच्या ताऱ्यांची, एका ताऱ्यातून दुसरा निघालेला. दुपार कलली की ते तारे पायऱ्यांवर पडत. ते नकाशात नव्हते.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी सडा घातला.

आता सांगायला हवं की जिन्याच्या तोंडाशी एक पाटी होती. सेठच्या दिवाणजीनं लावलेली: 'वरून पाणी टाकणाऱ्यास खोली खाली करावी लागेल.' पेढीच्या ओट्यावर पांढऱ्या चादरींवर रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, नमुने मांडलेले असत, त्यांच्यावर पाणी पडू नये म्हणून ही तजवीज. पाटी मी वाचली होती. मला चांगलं वाचता येत होतं. पण सडा म्हणजे पाणी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाणी वेगळं आणि सडा वेगळा. आसेगावात कोणालाही विचारा.

मागच्या गल्लीतल्या गोठ्यातून शेण आणलं, विहिरीवरून बादली भरली, दोन मजले चढवली, शेण कालवलं आणि गॅलरीत आमच्या दारापुढे हात भरभरून सडा टाकला. पहिले दोनचार हबके फळ्यांनी पिऊन घेतले. मला बरं वाटलं. मग बादलीतला उरलेला एकदमच ओतला, शेवटी ओततात तसा.

खालून आवाज आला, "या अल्ला! हे काय पडून राह्यलं?"

चाचा गॅलरीत बसून बशीतून चहा पीत होते. तो सडा त्यांच्या डोक्यावरून, दाढीवरून आणि बशीतून वाट काढत त्यांच्या गॅलरीच्या फटींतून खाली गेला. खाली दिवाणजी नुकताच पेढीचं कुलूप उघडत होता. त्याची टोपी रोज धुतलेली असे. तिच्यावर पोचेपर्यंत सडा थोडाच उरला होता, पण पुरेसा होता.

मी बादली धरून उभी होते. पळायला जागा असती तर पळाले असते, पण बिल्डिंगमध्ये पळून जायचं तर त्याच जिन्यानं खाली जावं लागतं.

दिवाणजी वर आला. धापा टाकत त्यानं टोपी माझ्यापुढे धरली. "पाटी वाचली नाई का?"

"वाचली."

"मंग?"

"तिच्यात पाणी लिहेल हाये. हा सडा होय."

हे मी उद्धटपणानं म्हटलं नाही, खरंच सांगत होते. पण दिवाणजीचा चेहरा असा झाला की माझ्या नवऱ्यानं दाराआडून डोक्याला हात लावला. तेवढ्यात चाचा वर आले, दाढी पुसत. मला वाटलं, आता संपलं. पण ते दिवाणजीकडे वळले. "पोरीले कायले बोलता? मी सेठले सांगतलं होतं का नाई, फळ्यायवर कोबा टाका म्हून? आता घ्या, टोपीवर घ्या!" त्यांना इतका आनंद झाला होता की शेणाचं काही वाटतच नव्हतं. वर्षानुवर्षं ते या दिवसाची वाट पाहत असावेत.

दिवाणजी म्हणाला, "या वक्ती सोडतो. पण पुन्हा एक थेंब खाली आला तं खोली खाली." आणि तो गेला.

आता माझी गंमत पाहा. सडा घातला तर खोली जाणार दिवाणजीकडून, नाही घातला तर जाणार आत्याबाईंकडून. आणि दिवाळी तीन महिन्यांवर.

मी नाना उपाय केले. बोटांची टोकं भिजवून शिंपडून पाहिलं, तर फळ्यांना नुसते चट्टे पडले. ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, तर ते पुसणं झालं, सडा नव्हे. मग सडा जाऊ दे, निदान रांगोळी काढू, म्हणून एका सकाळी दारापुढे ठिपके मांडून छान कमळ काढलं. ते दुपारपर्यंत येण्याजाण्यानं फटींतून खाली उतरलं, आणि खाली चाचीनं वाळत घातलेल्या डाळीत मिसळलं.

चाची ताट घेऊन वर आली. ठेंगणी, जाड, आणि नवऱ्याच्या अगदी उलट, हळू बोलणारी. मला म्हणाली, "बाई, दाताखाली कच् कच् वाजून राह्यलं. आमच्या चाचाचे दातच चार उरले हाये, ते तरी राहू दे."

मला रडू आलं. मी तिला सगळं सांगितलं, आत्याबाईंचं बोट, दिवाणजीची पाटी, सगळं. ती डाळ निवडत बसली. मग म्हणाली, "पण तू हितं काहून सडा टाकतं?"

"दारापुढंच टाकतात ना."

"हे दार कुठं होय? हे तं खोलीचं दार. घराचं दार खाली हाये. चाचानं येवढी कमान कायच्यासाठी बांधली? तेच सगळ्यायचं दार. जमीनबी तितंच हाये."

मी उठून कठड्यावरून खाली जमीन पाहिली. आसेगावात घराला एकच दार असतं, म्हणून दार कोणतं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्या दिवशी मी चाचीसोबत तिची अख्खी डाळ निवडून दिली.

दुसऱ्या दिवशी दिवाणजी यायच्या आत मी खाली उतरले आणि कमानीपुढे, काळ्या उंबरठ्यापासून रस्त्यापर्यंत, हात सैल सोडून सडा घातला. मातीनं तो घेतला. तो वास आला आणि मला माझ्या आईची आठवण आली. त्याच्यावर, उंबरठ्यापाशी, कमळ काढलं. दिवाणजी आला, थांबला, जमिनीकडे पाहिलं, मग वर कमानीकडे पाहिलं. मग त्यानं पेढीचं कुलूप उघडलं. दहा वाजता गाड्या सुरू झाल्या, आणि रोज रुईच्या नमुन्यांवर बसणारी धूळ त्या दिवशी बसली नाही. त्यानं मला चांगलं म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ओट्यावर माझ्यासाठी एक जुनी बादली ठेवलेली होती, म्हणजे मला घरची बादली रोज दोन मजले खाली-वर करावी लागू नये.

मग बाकीच्या बायकांनाही जाग आली. एकटीनंच रोज दार अडवायचं म्हणजे काय? दोन दिवस धुसफूस झाली, एकीनं माझ्या कमळावर मुद्दाम पाय दिला, मी तिला जे बोलायचं ते बोलले, आणि शेवटी पाळ्या ठरल्या. सहांपैकी पाच बिऱ्हाडं हिंदू होती. पाचही घरांना एकेक दिवस, आणि उरलेले दोन माझे, कारण शोध माझा, असं मी ठासून सांगितलं. शोध चाचीचा होता हे मी त्या वेळी बोलले नाही. जिन्याच्या भिंतीवर घरागणिक चुन्याचे ठिपके काढून आम्ही पाळ्या मांडल्या. चाची येताजाता ते ठिपके पाही आणि विचारी, "अन् माहा नंबर?"

"चाची, तुमी काय सडा घालता?"

"काहून? माह्या बापाच्या घरी का फरशी होती?" असं म्हणून ती हसत वर जाई. आम्हाला ती थट्टा वाटे.

दिवाळी आली. सगळी बिऱ्हाडं आपापल्या गावी गेली. बिल्डिंगमध्ये फक्त आम्ही आणि चाचा-चाची. सगळ्या पाळ्या माझ्याकडे, आणि मी खूश होते. पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी आत्याबाई कामरगावहून आल्या. जिना पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले. नवऱ्यानं आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना वर आणलं, तर गॅलरीत टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "चढली एकदाची. आता उतरीन ते घरी जाऊ तवाच."

मग दारापुढे पाहिलं. कोरड्या फळ्या. "सडा?"

मी सांगितलं, खाली असतो, सगळ्यांचा मिळून, जिन्याच्या भिंतीवर ठिपके आहेत त्या पाळ्यांनी. त्यांनी ऐकून घेतलं. "मले दिसला नाई."

"दुपार झाली, आत्याबाई, गाड्यायनं पुसून गेला. उद्या सकाळी पाहा."

"पाहीन ना. वरतूनच पाहीन. नाई दिसला तं सामान बांध."

मी म्हटलं, बघाच. आणि संध्याकाळी शेण आणायला निघाले ती घाईघाईत लाकडी पायरीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण घोट्याला अशी कळ लागली की पाय जमिनीला टेकवेना. चाचांनी हळद आणि चुना लावून पट्टी बांधली. नवरा म्हणाला, "मी टाकतो सडा." आत्याबाई कडाडल्या, "माह्या पोराच्या हातानं सडा? येवढंच राह्यलं होतं!" त्या स्वतः उतरणार नव्हत्या. मी जिना उतरू शकत नव्हते. पलंगावर पडून मी दारातून दिसणाऱ्या गॅलरीच्या फळ्यांच्या फटी मोजल्या आणि मनातल्या मनात भांडी बांधायला लागले. खरं सांगते, त्या खोलीत मी तीनच महिने राहिले होते, पण तिच्या भिंतींना हात लावून मी रडले.

पहाटे आंघोळीचं पाणी तापत होतं. आत्याबाई उठल्या आणि कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली पाहू लागल्या. मला राहवेना. मी भिंतीला धरत, लंगडत त्यांच्या शेजारी गेले आणि खाली पाहिलं.

कमानीपुढची सगळी जमीन ओली होती, उंबरठ्यापासून रस्त्यापर्यंत सारखी. तिच्यावर पांढरी रांगोळी होती. आमच्या कोणाची नव्हती. कमळ नाही, गोपद्म नाही, एक ठिपका नाही. आठ टोकांचे तारे होते, एका ताऱ्यातून दुसरा निघालेला, जिन्याच्या जाळीतले. उजेड वाढत होता तसे ते एकेक करून स्पष्ट होत होते. आम्ही वरून पाहत होतो म्हणून आम्हाला ते सगळेच्या सगळे दिसत होते. विहिरीकडच्या बाजूला चाची कोपरापर्यंत शेणाचे हात धूत होती.

"आज कोनाची पाळी होती?" आत्याबाईंनी विचारलं.

"माही."

"अन् हे कोनं काढलं?"

मी खाली बोट केलं. आत्याबाई कठड्यावरून वाकल्या आणि ओरडल्या, "ओ बाई! ठिपके किती घेतले वो?"

चाचीनं वर पाहिलं. "ठिपके कायले लागतात? मिस्तऱ्याच्या घरची होय मी!"

आत्याबाई आत गेल्या. मला ट्रंकेचा आवाज आला. सामान बांधायला लागल्या, असं मला वाटलं. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात त्यांचा हळदी-कुंकवाचा करंडा होता. माझ्याकडे न बघता त्या जिन्यापाशी गेल्या, खाली बसल्या, आणि लहान पोर उतरतं तशा बसल्या बसल्या एकेक पायरी उतरू लागल्या. आधी लाकडी, मग दगडी. दर पायरीला त्या बिल्डिंग बांधणाऱ्याला काहीतरी बोलत होत्या, आणि पहिल्या माडीवरून चाचा त्यांना "आस्ते, आस्ते" म्हणत होते.

मी कठड्याला धरून उभी राहिले. आत्याबाई कमानीतून बाहेर आल्या, चाचीच्या मधल्या ताऱ्यापाशी वाकल्या आणि रांगोळी काढून झाल्यावर घरची बाई वाहते तशी त्याच्यावर हळद वाहिली, मग कुंकू. मग वर पाहून मला म्हणाल्या, "पाय बरा होईस्तोर मी राह्यते हितंच. अन् भिंतीवर या बाईचा ठिपका काहून नाई?"